सूर धरणारा

आमच्या घरी सनई पिढीजात. पण वाजवायची ती थोरल्या चुलत्यांनी. माझे वडील, आबा, त्यांच्या शेजारी मांडी घालून बसत आणि नुसता सूर धरीत. वेळापूरच्या अर्धनारी नटेश्वराच्या देवळात चैत्रातल्या यात्रेला चुलत्यांची सनई नाना तऱ्हांनी वळे, रुसे, हसे. आबांच्या सनईतून मात्र तासच्या तास तोच एक सूर. गालांत हवा साठवायची, नाकाने श्वास घ्यायचा आणि सूर तुटू द्यायचा नाही, एवढेच त्यांचे काम. लोक चुलत्यांना फेटा बांधीत. आबांकडे कुणी पाहत नसे. मला त्याची लाज वाटे. आपण काहीही होऊ, पण सूर धरणारे होणार नाही, असे मी मनाशी ठरवून टाकले होते.

पुढे बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात भरती झालो. सनईवर बोटे फिरत होती, म्हणून बॅन्डमध्ये घेतले आणि शिकायला पचमढीला धाडले. सातपुड्याच्या डोंगरातल्या त्या गावी जनरल करिअप्पांच्या काळात, १९५० साली, लष्करी संगीताचे शिक्षण सुरू झाले. तिथे मी पहिल्यांदा कागदावर लिहिलेले सूर पाहिले. सनईची ताडाची पत्ती सुटली आणि क्लॅरिनेटची पत्ती ओठांना लागली. आणखी एक गोष्ट तिथे कळली. लढाई उभी राहिली की बॅन्डवाल्याने वाद्य खाली ठेवायचे आणि जखमींचे स्ट्रेचर उचलायचे. म्हणजे तिथेही नाव दुसऱ्याचे आणि खांदा आपला!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पचमढीहून परतून मला सहा महिनेही झाले नव्हते. दिल्लीच्या विजय चौकात २९ जानेवारीला होणाऱ्या ‘बीटिंग रिट्रीट’साठी आमचा बॅन्ड निघाला, आणि माझे नाव यादीत आले. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी कागद हाती पडला. वर लिहिले होते : तिसरी क्लॅरिनेट.

तिसऱ्या क्लॅरिनेटला गाण्याची चाल नसते. चाल पहिलीकडे. तिसरीने खालचे लांबलचक स्वर धरून वरच्या चालीला बैठक द्यायची. म्हणजे मी फिरून फिरून आबांच्याच जागेवर येऊन बसलो होतो!

तालमीत एकदा राहवले नाही. एका लांब स्वराच्या शेवटी मी चुलत्यांची एक हरकत हळूच घेतली. बॅन्डमास्तरांनी छडी खाली केली. शेकडो वादकांतून त्यांनी मला नेमके हुडकले. रागावले नाहीत. म्हणाले, “तुझा आवाज वेगळा ऐकू आला, म्हणजे चुकलं.”

दिवस मावळला की लढाई थांबवायची आणि नगाऱ्याच्या इशाऱ्यावर फौज छावणीत परत बोलवायची, अशी विलायतेतली जुनी रीत होती. तिचाच हा सोहळा. प्रजासत्ताक दिनाच्या उत्सवाची सांगता त्याने होते. त्या संध्याकाळी थंडी अशी होती की बोटे लाकडासारखी झाली. थंडीत वाद्याचा स्वर उतरतो. म्हणून जो तो आपली क्लॅरिनेट कोटाशी धरून तीत वाफ फुंकीत उभा होता. समोर खुर्च्यांच्या रांगाच रांगा, दोन्ही अंगांना उंच जागी उंटस्वार, आकाशाच्या कडेला चित्रासारखे. ड्रम मेजरचा दंड वर गेला आणि सारे निश्चल झाले.

मला एकदम वेळापूरचा पालखीतळ आठवला. आषाढात माउलींची पालखी आमच्या गावी मुक्कामाला येते. समाजआरतीच्या वेळी हजारो टाळ वाजत असतात. चोपदाराने दंड उंचावला की सगळे टाळ एका क्षणी थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. त्या दंडाकडे पाहत मी उभा होतो. पण माझ्या आतली दिंडी काही टाळ थांबवायला तयार नव्हती.

दंड खाली आला आणि पावले आपोआप पडू लागली. कूच झाले, वळणे झाली. मग ‘अबाइड विथ मी’ सुरू झाले. गांधीजींच्या आवडीचे हे प्रार्थनागीत. २०२२ पासून ते या कार्यक्रमात नाही. त्यात माझ्या वाट्याला आले होते लांब, संथ स्वर. मी पहिला स्वर धरला आणि भ्यालो. माझे वाजवणे मलाच ऐकू येईना. फुंक जाते आहे ना? बोटांखाली लाकूड थरथरत होते, म्हणजे वाजत होते. पण ते कुठे गेले? कान देऊन ऐकले तेव्हा समजले. वर जी चाल तरंगत होती, तिच्या बुडाशी ते होते. मी श्वास कच्चा घेतला असता, तर वरचे सारे किंचित खचले असते, आणि का खचले ते कुणालाही सांगता आले नसते. देवळाच्या ओवरीत आबा आयुष्यभर हेच तर करीत होते! माझ्या आतले टाळ कधी थांबले, मला कळले नाही.

बिगुल वाजले, निशाणे उतरली. ‘सारे जहाँ से अच्छा’ वाजवीत आम्ही रायसीनाच्या चढाकडे निघालो, आणि मागेपुढे सगळ्या इमारतींवर दिवे एकदम उजळले.

रजेवर घरी गेलो. आबांनी सारा कार्यक्रम शेजारच्या टीव्हीवर बघितला होता.

“त्यात तुझी कंची रं?” त्यांनी विचारले.

“माझी येगळी न्हाई ऐकू येत, आबा. मी खालचा सूर धरला हुता.”

आबा बराच वेळ चंची चाळीत बसले. मग म्हणाले, “तुटला न्हाई न्हवं?”

“न्हाई.”

“मंग झालं.”

आता आबा नाहीत, चुलतेही नाहीत. मी निवृत्त होऊन गावी आलो आहे. चैत्रात चुलत्यांचा नातू देवळात सनई वाजवतो, लोक त्याला फेटा बांधतात. मी शेजारी मांडी घालून बसतो. आबांची सनई माझ्या हातात असते.