कॉट नंबर सहा

परवा बऱ्याच वर्षांनी मध्यवर्ती बसस्थानकामागच्या त्या गल्लीत गेलो. काम काही नव्हतं. पाचोडची गाडी सुटायला पाऊण तास होता आणि स्टँडवरचा चहा प्यायची हिंमत आता होत नाही. लॉज अजून आहे. पाटी बदललीय, काउंटरवर पैसे भरायचा क्यूआर कोड चिकटवलाय, तिसऱ्या मजल्यावर 'अभ्यासिका' असा फलक लागलाय. पण जिन्यातला वास तोच... ओली चादर, फिनेल आणि खालच्या हॉटेलातली भजी. त्या वासानं एकदम २००३ सालात नेऊन टाकलं.

(शहर छत्रपती संभाजीनगर झालं ते २०२३ साली. गोष्ट त्याआधीची आहे, म्हणून औरंगाबादच लिहितो.)

बारावीनंतर मी आणि माझा मित्र एकाच एसटीनं पाचोडहून आडूळमार्गे औरंगाबादला आलो. अंतर पन्नासेक किलोमीटरचं, पण रोज जाऊन-येऊन कॉलेज करणं होण्यासारखं नव्हतं. पहिलीपासून आम्ही एका बाकावर. घरं मात्र गावाच्या दोन टोकांना. त्याचं घर कोणत्या टोकाला, हे मराठवाड्यातल्या कुणाला वेगळं सांगायला नको. सरकारी वसतिगृहाच्या यादीत त्याचा नंबर लागला नाही, म्हणून दोघांनी मिळून खोली शोधायची असं ठरलं. सिडकोत एका बाईंकडे कॉट बेसिसवर जागा आहे असं कळलं. गेलो. बाई प्रेमळ वाटल्या, पाणी वगैरे दिलं. मग विचारलं, "पूर्ण नाव काय बाळांनो?" आधी मी सांगितलं, मग त्यानं. बाई आत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "एकच कॉट शिल्लक आहे बघा. दोघांचं जमायचं नाही."

तो लगेच म्हणाला, "तू घे. मी बघतो माझं." आणि मी घेतली.

संध्याकाळी सामान लावलं तेव्हा पाहिलं, खोलीत दोन कॉट होत्या. दुसरी रिकामी. आठ दिवसांनी तिच्यावर एक नवा मुलगा आला. ही गोष्ट मी मित्राला सांगितली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

तो या लॉजवर आला. इमारत तळमजला अधिक तीन. खाली हॉटेल, म्हणजे आपलं पोहे-भजी-मिसळवालं. पहिले दोन मजले रोजच्या गिऱ्हाइकांचे: औषध कंपन्यांचे एमआर, कोर्टाच्या तारखेला आलेले लोक, वेरूळ-अजिंठ्याला जाणारे पाठपिशवीवाले गोरे, मोसंबीचे व्यापारी. तिसऱ्या मजल्यावर एक लांबलचक हॉल, आठ कॉट, आठ पत्र्याच्या पेट्या. तिथं विद्यार्थी, महिन्याच्या भाड्यानं. मालक कधी दिसायचेच नाहीत. सगळा कारभार मॅनेजरकाकांचा. हे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. पेन कानावर, सुटे पैसे कंडक्टरच्या जुन्या चामडी बॅगेत, आणि जिन्यात गर्दी झाली की सवयीनं "चला, पुढं सरका!" त्यांनी मित्राचं नाव रजिस्टरमध्ये लिहिलं आणि विचारलं ते एवढंच, "अॅडव्हान्स आणलाय का?"

लॉजच्या रजिस्टरमध्ये 'कुठून आले' आणि 'कुठे जाणार' असे दोन रकाने असतात. महिन्याच्या मुलांच्या 'कुठे जाणार'पुढं काका 'येथेच' असं लिहायचे.

मी तिथं रोज संध्याकाळी जायला लागलो. गप्पा, खालचा कटिंग, गच्चीवर अभ्यासाचं सोंग. तीन महिन्यांनी माझंच चंबूगबाळं घेऊन कायमचा आलो. मेस लांब पडते, असं कारण सांगितलं. बाईंचं घर मेसपासून दोन मिनिटांवर होतं. त्यानं काही विचारलं नाही. माझी कॉट सहा नंबरची, त्याची सात.

आता या हॉलचं काय काय सांगू! पाच नंबरला सिल्लोडचा एक जण होता. रमजानात पहाटे सहरीसाठी तो उठायचा आणि त्याच्याबरोबर अख्खा हॉल उठायचा, कारण त्याच्या घड्याळाचा गजर म्हणजे आगगाडीची शिट्टी. मग महिनाभर आम्हा सगळ्यांचाच पहाटेचा अभ्यास व्हायचा. त्या वर्षी त्या सत्रात कुणी नापास झालं नाही हा योगायोग नसावा. पाणी रोज येत नसे. आलं की जो जागा असेल त्यानं मोटर लावायची, झोपलेल्याच्या बादल्याही भरायच्या. या नियमावरून जितकी भांडणं झाली तितकी राजकारणावरूनही झाली नाहीत. पाणी येतं जायकवाडीचं, धरण आमच्याच पैठण तालुक्यात, आणि पाचोडला उन्हाळ्यात टँकर. हे मी दर भांडणात ऐकवायचो आणि मित्र म्हणायचा, "बादली धर आधी."

खालच्या मजल्यांवर घाटीतल्या पेशंटचे नातेवाईकही उतरायचे. घाटी म्हणजे इथलं सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल. अख्ख्या मराठवाड्यातून माणसं तिथं येतात. रात्री-बेरात्री रक्त लागायचं. काकांनी रजिस्टरच्या शेवटच्या पानावर आम्हा आठ जणांचे रक्तगट लिहून ठेवले होते. पहिल्या पानांवर नाव-गाव, शेवटच्या पानावर बी पॉझिटिव्ह. एकदा रात्री दोनला ते वर आले आणि बॅटरी थेट सात नंबरवर मारली. भोकरदनकडचा एक शेतकरी होता, बायको बाळंतपणात अडलेली. मित्र शर्टाची बटणं लावत गेला. मीही गेलो, पण माझं वजन भरेना, म्हणून नुसताच बाकावर बसलो. पहाटे तो शेतकरी मित्राचा हात सोडेना. बाई वाचली होती. मग जरा स्वस्थ झाल्यावर त्यानं आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न विचारला, "पाव्हणं, तुम्ही कोणाचे म्हणायचे?"

मित्र म्हणाला, "तिसऱ्या मजल्यावरचा."

डॉ. आंबेडकरांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मी त्या हॉलमध्येच वाचलं, मित्राच्या पेटीतून काढून. परदेशातून शिकून ते १९१७ साली बडोद्याला नोकरीवर गेले, तेव्हा राहायला जागा मिळेना. एका पारशी सराईत दीड रुपया रोजानं राहिले, तेही वहीत पारशी नाव लिहून. अकराव्या दिवशी पारशी मंडळी काठ्या घेऊन दारात उभी. पुढे १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्यावर टाक्याच्या पाण्यावरून झालेला प्रकारही त्यातच आहे. दौलताबाद म्हणजे आमची रविवारची सायकल सहल! आम्ही त्या टाक्याशी बसून शेंगदाणे खाल्लेले. याच माणसानं पुढे १९५० साली औरंगाबादेत मिलिंद कॉलेज काढलं, वसतिगृहं बांधली. खेड्यातून येणाऱ्या पोराला शिकायच्या आधी पाठ टेकायला जागा लागते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

चौदा जानेवारीला लॉजचं रूप पालटायचं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला तो जुलै १९७८ मध्ये. त्यानंतर मराठवाड्यात घरं जळली, माणसं मारली गेली. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. दर वर्षी त्या दिवशी विद्यापीठाच्या गेटवर गावोगावची माणसं लोटतात. आदल्या रात्री काका गच्ची उघडून द्यायचे, सतरंज्या टाकायचे, पैसे घ्यायचे नाहीत. मालकांना ठाऊक होतं का कोण जाणे. मित्राचे वडील, चुलते, आत्या पाचोडहून यायचे. मी किटलीतून चहा वाटायचो. त्याच्या आत्यानं पहिल्यांदा कप घेताना माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "तू अण्णांचा ना रे?" मी हो म्हणालो. मग त्या बराच वेळ चहा न पिता कप हातात धरून बसल्या.

अण्णांचंही सांगतो. घरची मंडळी हे वाचतील, तर आधीच सांगून टाकतो की तक्रार म्हणून लिहीत नाही. २००४ साली अण्णा मोसंबीच्या पट्टीचे पैसे घ्यायला शहरात आले आणि शेवटची गाडी चुकली. आले लॉजवर, खांद्यावर मोसंबीचं पोतं. मित्रानं आपली कॉट झटकून दिली आणि स्वतः गच्चीवर गेला. जेवण खालून वर मागवलं, एकाच वर्तमानपत्रावर तिघं बसलो. अण्णांनी त्याच्या पुढ्यातली चटणी स्वतः उचलून घेतली. मी पोळी हातात धरून नुसता बघत राहिलो. सकाळी जाताना म्हणाले, "निम्मी मोसंबी त्याला दे. आणि पांघरूण पातळ आहे रे त्याचं."

मला वाटलं, झालं. दिवाळीत तो आमच्याकडे फराळाला आला. चहा ओट्यावरच आला. अण्णा स्वतः त्याच्याबरोबर ओट्यावर बसले, तासभर बोलले, अभ्यासाची चौकशी केली. पण आत या म्हणाले नाहीत. आणि मीही म्हणालो नाही. असो.

नंतर आम्ही पांगलो. तो स्पर्धा परीक्षा देऊन नोकरीला लागला, आता विदर्भात असतो. २०१२ च्या दुष्काळात आमची बाग गेली, अण्णांनी वाळलेली झाडं स्वतः तोडली. तेव्हा फोन करून हळहळणाऱ्या पहिल्या दोघा-तिघांत तो होता. अण्णा आता नाहीत.

परवा काउंटरवरच्या पोराला म्हणालो, मी इथं तीन वर्षं काढलीत. तो आदरानं "हो का सर" म्हणाला आणि आधार कार्ड मागितलं. खोली नकोय म्हटल्यावर त्याचा रस संपला. रजिस्टर मात्र समोर होतं, तेच रकाने. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि मित्राला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर एकदाचं सांगितलं. सिडकोतल्या त्या खोलीत कॉट दोन होत्या म्हणून.

तो हसला. "अरे, खिडकी उघडीच होती की. मी बाहेर चपला घालताना दोन्ही मोजल्या होत्या."

मला पुढे काही सुचेना. तिकडून त्यानंच विचारलं, "पाचोडला चाललायस ना? मोसंबीला काय भाव चालू आहे बघ, आणि सांग मला."