५०० तासांची पावती

कष्टाचा मनुष्याला कंटाळा येतो, असे आपण सर्वसाधारणपणे समजतो. माझा अनुभव थोडा निराळा आहे. कष्टाने शरीर थकते आणि थकलेल्या शरीराला चांगली झोप लागते. परंतु जेथे आपली कोणालाच गरज नाही असे दिवसभर जाणवत राहते, तेथून परतलेल्या माणसाची झोपही उडते. हा धडा मला कोणत्या ग्रंथाने दिला नाही. एका रुग्णालयाच्या औषधभांडारात खोकी मोजता मोजता तो मला मिळाला.

त्या वेळी मी औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेत होतो. १९४८ च्या फार्मसी कायद्याने हा व्यवसाय आपल्या देशात नोंदणीच्या शिस्तीत आणला. आमच्या वेळी लागू असलेल्या १९९१ च्या शिक्षणनियमांप्रमाणे, लेखी परीक्षा संपल्यावर विद्यार्थ्याला निदान तीन महिन्यांत मिळून ५०० तास प्रत्यक्ष काम शिकावे लागे. आणि त्यांपैकी २५० तास तरी डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवरून औषधे देण्यातच गेले पाहिजेत, अशी अट होती. नियम करणाऱ्यांची दृष्टी खचित सुज्ञ होती. औषध पुस्तकातून शिकता येते. रोगी पुस्तकातून शिकता येत नाही.

पहिल्या दिवशी पांढरा कोट पिशवीत नीट घडी करून मी कळमन्याहून सायकलने निघालो. रुग्णालयात पोचल्यावर तेथील फार्मसिस्टसाहेबांनी मान वर न करताच मला आतली खोली दाखविली. खोकी उघडावी, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख नोंदवहीत लिहावी, ज्याची मुदत आधी संपणार ते पुढे मांडावे, इतकेच माझे काम. ते महत्त्वाचे नव्हे असे मी म्हणणार नाही. परंतु दोन दिवसांत शिकून झालेले काम मी तीन आठवडे करीत होतो. औषधे देण्याची खिडकी माझ्यापासून दहा पावलांवर होती. पण ती दहा पावले मला ओलांडता येत नव्हती. एकदा धीर करून विचारले, तेव्हा साहेब म्हणाले, “रांग दिसत नाही का? तुमच्या हातून चूक झाली तर जबाबदार कोण?” रांग जिन्यापर्यंत गेली होती आणि खिडकीशी ते एकटे होते. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. म्हणूनच मला अधिक वाईट वाटले. दोष कोणाला द्यावा, तेच कळेना.

माझ्या एका सहाध्यायाने यावर सोपा तोडगा काढला होता. तो दुसरीकडे होता. आठवड्यातून एक दिवस तोंड दाखवी आणि शेवटी पूर्ण तासांची सही मिळेल, असे आश्वासन त्याने मिळविले होते. मलाही तसे करता येण्यासारखे होते. माझ्या जाण्याने कोणाचे अडणार नव्हते, हे तर उघडच होते.

माझे वडील कळमन्याच्या बाजारात मापाडी होते. त्या रात्री जेवताना मी त्यांना माझा बेत सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि एवढेच विचारले, “म्हणजे पोतं न तोलताच पावती फाडाची म्हणतं का?”

मी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने सायकल काढली.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी एक वृद्ध बाई खिडकीचा रस्ता चुकून भांडाराच्या दाराशी आली. तिच्या लुगड्याला मिरचीचा वास होता. बाजारात मिरचीच्या ढिगांवर ती कामाला जाई. पदराची गाठ सोडून तिने दोन पाकिटे माझ्यापुढे धरली. “काहो बाबू, ह्या दोन्ही गोया संगच घ्याच्या का?” एक पाकीट नुकतेच आमच्या खिडकीवरून मिळालेले, तापाचे, दुसरे घराजवळच्या डॉक्टरने सर्दी-अंगदुखीसाठी दिलेले. रंग वेगळे, नावे वेगळी. परंतु बारीक अक्षरांत दोहोंवर पॅरासिटामॉलच होते. दोन्ही दिवसातून तीनदा घेतली असती, तर एकच औषध दुप्पट पोटात गेले असते. आणि या औषधाचा अतिरेक यकृताला घातक असतो.

बोलण्याचा अधिकार मला नव्हता. “मावशी, थांबा जरा,” म्हणून मी ती पाकिटे घेतली आणि प्रथमच ती दहा पावले ओलांडली. साहेबांनी पाकिटे पाहिली, माझ्याकडे पाहिले, आणि रांग तशीच ठेवून ते डॉक्टरांकडे गेले. परत येऊन त्यांनी त्या बाईला एक पाकीट बंद करायला सांगितले. मला शाबासकी मिळाली नाही. “खोकी राहिली असतील,” एवढेच ते म्हणाले. परंतु दुसऱ्या दिवशी दुपारी गर्दी ओसरल्यावर त्यांनी मला हाक मारली. “औषध मी देतो. कसं घ्यायचं ते तुम्ही सांगा.”

त्या दुपारांत मी जे शिकलो, ते आजही माझ्या उपयोगी पडते. ‘समजले का?’ असे विचारले की मनुष्य संकोचाने मान हलवितो. म्हणून ‘आता तुम्ही मला सांगा’ असे म्हणावे. अक्षरओळख नसलेल्यास पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून द्यावे. ओ.आर.एस.ची मोठी पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायची असते, पेल्यात चिमूट टाकून भागत नाही. इन्सुलिन थंड ठेवायचे म्हणजे बर्फाच्या कप्प्यात नव्हे. माझ्या प्रमाणपत्रावर ५०० तास आहेत आणि ते सर्व मी भरले. मात्र २५० ची ती अट अक्षरशः पुरी झाली असे मला शपथेवर सांगता येणार नाही. माप थोडे कमीच भरले.

आज कळमन्यातच माझे लहानसे औषधाचे दुकान आहे. परवा एक विद्यार्थिनी काम शिकण्यासाठी आली. संध्याकाळची वेळ, बाजारातून परतणारी गर्दी, मी मान वर न करता तिला म्हणालो, “आत खोकी आली आहेत, तेवढी लिहून घ्या.” ती काही न बोलता आत गेली.

बऱ्याच वेळाने माझे लक्ष तिच्याकडे गेले. पांढऱ्या कोटाच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. मी तिला बाहेर बोलाविले आणि माझ्या शेजारचे स्टूल मोकळे करून दिले.