विझत्या स्वराचा माग

काशाची घंटा वाजवणारा हात थांबला तरी ती घुमत राहते. गाडग्यावर टिचकी मारली, तर आवाज उठतो न उठतो तोच विझतो. विद्युतचुंबकीय लहरींच्या जगात धातूचा साधा गोळा म्हणजे असलं गाडगं. त्याच्यावरचा विद्युतभार क्षणभर इकडून तिकडे हेलकावतो आणि सगळी ऊर्जा लाटा होऊन निघून जाते. जे. जे. थॉमसन यांनी 1884 साली हे गणित कागदावर सोडवलं. आदर्श वाहक गोळ्याच्या सर्वांत खालच्या अनुनादाची लहर त्रिज्येच्या सव्वासात पट लांब, आणि एका आवर्तनात तिचा जोर जवळपास 38 व्या हिश्श्यावर येतो. स्वर किती टिकतो याचं माप म्हणजे क्यू; तो इथे एकाहूनही कमी.

उत्तर ठाऊक असूनही ते सिम्युलेशनमधून काढताना माझे कित्येक दिवस गेले. रीत सरळ आहे: स्पंद सोडायचा आणि ऐकत बसायचं. बंदिस्त पोकळीत बाकीचं सारं विरेपर्यंत थांबता येतं. मागे उरतो तो तिचाच स्वर. इथे थांबायला सवडच नाही. माझा स्पंद संपेपर्यंत गोळ्याचं सांगून झालेलं असायचं. नोंद जरा अलीकडून-पलीकडून घेतली की वारंवारता सरकायची; क्यूचा तर ठावच लागत नव्हता.

मग वेळेनुसार ऐकणं सोडलं आणि थेट मोड, म्हणजे गोळ्याचा स्वतःचा स्वर, शोधायला घेतला. तेव्हा दिसलं, की गोळ्यापासून लांब जावं तसं क्षेत्र वाढतंय. प्रोग्रॅममध्ये चूक असेल म्हणून दोन दिवस शोधली. चूक नव्हतीच. लांबवर पोचलेली लाट आधी निघालेली, गोळा जोरात असतानाची. जवळची मागाहून निघालेली, म्हणून क्षीण. हे समजलं तो दिवस मला अजून आठवतो.

पण संगणकातलं अवकाश कुठेतरी संपवावंच लागतं. बेरांजे यांनी 1994 मध्ये लाटा परत न पाठवता गिळणारा थर सुचवला. मोड शोधताना अशा थरात अंतरच संमिश्र प्रतलात एका कोनातून वळवतात. या गोळ्यासाठी तो कोन 30 अंशांहून मोठा लागतो, नाहीतर क्षेत्र थरातही वाढतच राहतं. तेवढा वळवला की मोड सापडतो; मात्र शेजारी थराचे स्वतःचे खोटे मोडही उगवतात. माझा भरवसा एकाच खुणेवर आहे: जाडी आणि कोन बदलून पाहावेत, खरा मोड जागचा हलत नाही.

क्यू इतका कमी असेल, तर कृपा करून नुसता आकडा छापू नका. थर किती जाड, कोन किती, नोंद कुठून कुठवर घेतली, तेही त्याच ओळीत लिहा.