मिरजेच्या सतारमेकर गल्लींतील टपाल

कृष्णाकांठच्या प्रदेशांत एखाद्याच गुणानें दूरवर ओळखलीं जाणारीं जीं गांवें आहेत, त्यांत मिरजेची गणना अगोदर करावी लागेल. रेल्वेच्या उतारूला मिरज म्हणजे मोठें जंक्शन, रोग्याला मिरज म्हणजे नांवाजलेलीं रुग्णालयें; परंतु ज्याच्या घरीं गायनाची उपासना आहे, त्याला मिरज म्हणजे तंबोरा.

या कलेचा पूर्वेतिहास मनोरंजक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथील फरीदसाहेब शिकलगार यांनीं तंतुवाद्यें घडविण्यास प्रारंभ केला, असें सांगतात. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. तलवारींचे दिवस सरले, तेव्हां पोलाद घासणारे हे हात तारांकडे वळले. गायकांचा राबता तर येथें होताच. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं विष्णु दिगंबर पलुसकर येथेंच शिकले आणि १८९६ सालीं बाहेर पडले. खांसाहेब अब्दुल करीम खां यांनीं येथेंच घर केलें. १९३७ सालीं ते निवर्तले, त्यांची कबरही येथल्याच मिरासाहेबांच्या दर्ग्यांत आहे. इतके चोखंदळ कान शेजारीं असतां कारागिराचा हात ढिला पडावा कसा?

तंबोऱ्याचा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. तो खाण्याचा नव्हे. कडू जातीचा, जाड सालीचा. पूर्ण वाळल्यावर त्याला पाण्यांत भिजवून मऊ करतात, मग कापून आंत काड्यांचे टेकू देऊन हवा तो आकार आणतात. दांडी तुणीच्या लांकडाची. जोडकाम, नक्षी, रोगण हें सारें झालें, तरी वाद्य अजून मुकेंच असतें. ज्या घोडीवरून चार तारा जातात, तिचा पृष्ठभाग कानशीनें केसाएवढा घासून तारेखालीं सुताचा धागा सरकवीत कारागीर जव्हारी काढतो, तेव्हां कोठें तें बोलूं लागतें. कानशीचा एक हात अधिक पडला, कीं घोडी पुन्हां नव्यानें घासावी लागते. या कामाला माप नाहीं. कान हेंच माप.

गेल्या पौषांत चार दिवस मी अशा एका कारखान्यांत जाऊन बसत असें. कारखाना म्हणजे काय, तर रस्त्यालगतची एक लांबट खोली. बैठकींच्या हंगामामुळें कामाची एकच धांदल उडालेली. भिंतीला पांच तंबोरे टेकलेले. त्यांपैकीं दोन शनिवारच्या आंत पुण्यास पोंचावयाचे होते. घरचे वडील, ज्यांना सारी गल्ली चाचा म्हणते, सकाळपासून मान वर करीत नसत. चिरंजीव पंचविशींतले. कुपवाडच्या कारखानदारींत नोकरी धरावी कीं बैठकीवर बसावें, या विचारांत ते आहेत, हें चाचांनींच मला हलक्या आवाजांत सांगितलें.

दुपारीं तीनच्या सुमारास टपाल येई. तारांचीं वेटोळीं, खुंट्यांची मागणी, तक्रारींचीं पत्रें असाच त्यांतला ऐवज. एका तक्रारपत्राकडे बोट दाखवून चाचा म्हणाले, "मास्तर, आमचं वाद्य चांगलं बोलतंय तोवर कुणी कळवीत नाही. बिघडलं कीं मात्र परत येतं."

या वाक्यानें मी विचारांत पडलों. आचारी पंगतीला वाढतांना जेवणाऱ्यांचीं मुखें पाहतो. सोनाराचा दागिना गांवांतल्याच लग्नांत मिरवतो. मिरजेचा तंबोरा मात्र पेटींत गवताच्या गादीवर निजून एकदां निघाला, कीं त्याचा आवाज घडविणाऱ्याच्या कानीं पुन्हां पडत नाहीं. कालिदासाच्या यक्षाला निरोप धाडावयास निदान मेघ तरी होता!

बुधवारीं एक लहानसें जाड पाकीट आलें. अमरावतीकडील एका गृहिणीनें तें पाठविलें होतें. आंत मोडलेली एक खुंटी, तिच्यासारखी दुसरी करून देण्याविषयीं विनंती, कागदाच्या पुडींत मूठभर तिळगूळ आणि सुवाच्य अक्षरांतलें पत्र. आजेसासूबाईंचा तंबोरा वर्षांपूर्वीं येथून दुरुस्त होऊन गेला होता. आतां पहांटे घरांतल्या तिघीजणी आळीपाळीनें त्यावर स्वर लावतात, आणि आजेसासूबाई अंथरुणावरून ऐकतात, असा मजकूर होता. चिरंजीवांनीं पत्र मोठ्यानें वाचलें. चाचांनीं तें पुन्हां एकदां वाचावयास लावलें. तिळगुळाची वांटणी झाली. मलाही दोन दाणे मिळाले. नंतर कुणी न सांगतां चिरंजीवांनीं पुण्याचें काम बाजूस ठेवलें आणि खुंटी हातांत घेऊन लेथ सुरू केला. संध्याकाळपर्यंत खुंटी तयार होती.

त्या एका पुडीनें तरुणाचा निश्चय झाला, असें मी म्हणणार नाहीं. घरखर्च तिळगुळानें भागत नसतो. विजेवर वाजणाऱ्या तंबोऱ्याच्या पेटीनें, आणि आतां खिशांतल्या मोबाईलनें, पुष्कळ घरांतून भोपळ्याचा तंबोरा हुसकून लावला आहे. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला सरकारचें भौगोलिक मानांकन मिळालें, ही आनंदाची गोष्ट होय. नकली मालाला त्यानें कांहींसा आळा बसेल. तथापि मानांकन गांवाला मिळतें. आपण घासलेली अमुक घोडी अमुक घरांत गोड बोलते आहे, हें कारागिराला कळावयाचें तर तें त्या घरच्यांनींच कळविलें पाहिजे.

आपल्यापैकीं अनेकांच्या माजघरांत गवसणी घातलेला एखादा तंबोरा उभा असेल. गवसणी काढून पाहावी. तबलीवर किंवा आंतल्या चिठ्ठीवर घडविणाराचें नांव पुष्कळदां सांपडतें. संक्रांतीस आपण लेकीसुनांच्या माहेरीं, परगांवच्या आप्तांकडे तिळगुळाचीं पाकिटें धाडतों. त्यांत एक पाकीट मिरजेचें असावें, आणि सोबत चार ओळी: वाद्य कोण वाजवितें, कधीं वाजवितें, आणि खर्जाची तार अजून कशी घुमते.