पोपटाचा उष्टा पेरू

मूल वेळेवर बोलू लागलं नाही, की त्याच्याऐवजी बाकीचे सगळे बोलू लागतात. हा शोध मला आमच्या चिरंजिवांच्या तिसऱ्या वाढदिवशी लागला. तोपर्यंत माझी अशी प्रामाणिक समजूत होती, की डोंबिवलीतल्या माणसाला दुसऱ्याच्या संसारात डोकं घालायला वेळच नसतो. सकाळची लोकल पकडायची आणि रात्री तिच्यातून जिवंत उतरायचं, एवढ्यात त्याचा दिवस संपतो. पण छे! त्या दिवशी केक खाऊन झाल्यावर प्रत्येक पाहुण्याने जाताना माझ्या हातात एकेक सल्ला ठेवला. आहेर म्हणून आणलेले चमचे परवडले असते.

सुरुवात तळमजल्यावरच्या आजींनी केली. "वेखंड उगाळा आणि मधातून चाटवा. आमच्या धाकट्याला चाटवलं होतं. तो अजून गप्प बसत नाही." हा धाकटा आता बावन्न वर्षांचा असून आमच्या सोसायटीच्या कमिटीवर आहे. त्याला मी वार्षिक सभेत ऐकलेलं असल्यामुळे वेखंडाच्या गुणाविषयी शंका घ्यायला जागा नव्हती. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी ब्राह्मी सुचवली. ऑफिसातल्या एकाने सांगितलं, "अहो, माझ्या मेहुण्याचा मुलगा पाच वर्षांचा होईपर्यंत तोंडातून शब्द काढत नव्हता. आज कलेक्टर आहे!" पुढे पुढे माझ्या लक्षात आलं, की असा एक मुलगा प्रत्येकाच्या नात्यात असतो. मी मोजदाद ठेवू लागलो. महाराष्ट्रात जिल्हे छत्तीस. उशिरा बोललेले कलेक्टर माझ्या यादीत एक्केचाळीस भरले.

पण सर्वांवर ताण केली ती आमच्या सासूबाईंनी. "जावईबापू, बाकी सगळं सोडा. पोपटाने अर्धवट खाल्लेला पेरू आणा आणि त्याला भरवा. पोरगं पोपटासारखं बोलतं की नाही बघा."

आता पेरू मिळतो, पोपटही मिळतो. पण या दोघांची गाठ नेमकी कुठे पडते, हे शहरातल्या माणसाने कसं शोधावं? मी बाजारात गेलो आणि पेरूवाल्याला हलक्या आवाजात विचारलं, "उष्टा आहे का?" त्याने माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की औषधाची गरज मुलाला नसून बापाला आहे. शेवटी बदलापूरहून येणाऱ्या एका सहकाऱ्याने आपल्या परसातला एक कुरतडलेला पेरू डब्यातून आणून दिला. घरी नवीनच प्रश्न उभा राहिला. "हा पोपटाचाच कशावरून? खारीचा असला तर?" हिने विचारलं. खारीचा असला तर पोरगं बोलायचं सोडून झाडावर चढेल, अशी मला धास्ती पडली. हिने तो पेरू गरम पाण्याने तीनदा धुतला. त्यात पोपटाचं जे काही असेल ते मोरीत वाहून गेलं. चिरंजिवांनी पेरू हातात घेतला, हुंगला आणि जमिनीवर ठेवला. त्याच्यामागे एक कांदा ठेवला. कांद्यामागे काड्यापेटी, काड्यापेटीमागे माझ्या चष्म्याचं घर. गाडी तयार झाली. पेरू मोटरमनच्या डब्याच्या जागी होता.

नंतर आम्ही डॉक्टरांकडे गेलो, ते खरं म्हणजे आधी जायला हवं होतं. त्यांनी मुलाला तासभर पाहिलं, आम्हाला तासभर प्रश्न विचारले आणि 'स्वमग्नता' हा शब्द सांगितला. अमेरिकेत लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरने १९४३ साली अशा मुलांविषयी पहिल्यांदा तपशीलवार लिहिलं, यात आईबापांच्या वागण्याचा दोष नसतो, शिकवत राहिलं तर मूल शिकतं, पण आपल्या पद्धतीनं, असं बरंच काही त्यांनी शांतपणे समजावलं. मी मान डोलावत होतो. ही मुलाच्या बुटाची नाडी बांधत होती. बूट बिननाडीचा होता, हे मला फार उशिरा दिसलं.

त्यानंतर हिने नोकरी सोडली. रात्री मूल झोपलं, की आम्ही दोघं दिवा घालवून जागे राहायचो. दोघांच्याही मनात एकच प्रश्न असायचा, आणि तो दुसऱ्याला कळू नये म्हणून दोघंही घोरल्याचं सोंग करायचो. आपण आहोत तोवर ठीक आहे. आपल्यानंतर याचं कोण?

असो. पुढे प्रमाणपत्राचं आलं. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, त्यांत आमचा नव्हता. २०१६ च्या नव्या कायद्यात ते एकवीस झाले, त्यांत स्वमग्नता आली. निदान चाळीस टक्के भरले, तर बहुतेक सवलती. आमच्या घराण्यात टक्क्यांचा आणि आमचा सलोखा कधीच नव्हता. मी मॅट्रिकला अठ्ठेचाळीस, वडील त्याहून खाली. चिरंजिवांच्या कागदावर साठ टक्के लिहिलेले पाहून माझ्या तोंडून निघून गेलं, "घराण्यातला पहिला फर्स्ट क्लास!" ही हसली. कित्येक महिन्यांनी हसली. आणि हसता हसता तिथेच, सरकारी बाकावर, पदर तोंडाला लावून रडायला लागली. शिपायाने न सांगता पाणी आणून दिलं.

ते प्रमाणपत्र खिशात घालून मी मुलाला उपचारासाठी मुंबईला नेऊ लागलो, दिव्यांगांच्या डब्यातून. पहिल्याच दिवशी एक गृहस्थ म्हणाले, "मुलगा तर चांगला धडधाकट दिसतोय!" मी प्रमाणपत्र काढलं. त्यांनी ते तिकीट तपासनिसाच्या वर ताण करून वाचलं. एवढ्यात कोपऱ्यातून पांढरी काठी घेतलेले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "त्याला इकडे माझ्याकडे बसवा. दरवाजाशी त्याला आवाजाचा त्रास होतोय. मघापासून चाकांच्या तालावर हुंकार देतोय, ऐकलं नाहीत?" मी ऐकलं नव्हतं. मुलगा त्यांच्याशेजारी जाऊन बसला आणि खरोखर शांत झाला. उतरताना त्यांनी मला आमच्याच गावातला एक पत्ता सांगितला. दर शनिवारी संध्याकाळी एका बालवाडीच्या खोलीत अशा मुलांचे आईबाप जमतात म्हणाले. घरापासून तो पत्ता बारा मिनिटांवर होता. आणि मी दोन वर्षं मुंबई पालथी घालत होतो!

बालवाडीची खोली असल्यामुळे खुर्च्या बालवाडीच्या होत्या. दहा-बारा प्रौढ माणसं वीतभर उंचीच्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसली होती. अशा आसनात माणसाला मोठेपणा मिरवता येत नाही. मंडळाच्या यशाचं निम्मं गुपित त्यात असावं. मंडळ चालवणाऱ्या ताईंचा मुलगा चौतीस वर्षांचा. तो कोपऱ्यात कागदाच्या पिशव्या चिकटवत होता. मी नेहमीप्रमाणे सल्ले टिपून घ्यायला वही उघडली.

ताई म्हणाल्या, "वही मिटा. तुम्ही दोघं शेवटचं एकत्र बाहेर कधी गेलात?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. हिशेब चार वर्षांवर गेला.

पुढच्या शनिवारी ताई विणकामाची पिशवी घेऊन आमच्या दारात हजर. "तीन तास मी इथे बसते. निघा." आम्ही निघालो. कोपऱ्यावर येऊन थांबलो. कुठे जायचं असतं, हेच दोघांना आठवेना. मग उडप्याकडे जाऊन मसाला डोसा खाल्ला. पहिला डोसा मुलाविषयी बोलण्यात गेला. दुसऱ्याच्या वेळी काही बोललोच नाही, नुसते बसलो. सव्वा तासात घरी परतलो, तर ताईंनी दार अर्धवट उघडून सांगितलं, "अजून पावणेदोन तास आहेत," आणि दार लावून घेतलं. स्वतःच्या घराबाहेर काढला गेलेला आणि त्याबद्दल कृतज्ञ असलेला मी बहुधा डोंबिवलीतला पहिलाच घरमालक असेन.

त्या खोलीत मला कळलं, की आमच्या आधीही पुष्कळांनी हा रस्ता तुडवला आहे. मिठू अलुर यांना सेरेब्रल पाल्सी असलेल्या आपल्या मुलीसाठी धड शाळा सापडेना, तेव्हा त्यांनी १९७२ साली मुंबईत संस्थाच उभी केली. मेरी बरुआ यांनी स्वमग्न मुलाच्या आईच्या नात्याने १९९१ साली दिल्लीत तसंच केलं. आमच्या मंडळाची झेप एवढी नव्हती. ते फॉर्म भरायला मदत करायचं. कुठल्या खिडकीवर कुठला कागद, राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा कसा मिळतो, मूल अठरा वर्षांचं झाल्यावर कायदेशीर पालक नेमून घ्यायला अर्ज कुठे करायचा, हे सांगायचं. हा शेवटचा अर्ज १९९९ च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जातो आणि तिच्यावर कलेक्टरसाहेब असतात. ऐकून मला हायसं वाटलं. एक्केचाळिसांपैकी एक तरी उपयोगी पडणार होता.

पण ताईंचा खरा आग्रह दुसराच. "दहा दुकानं करा," त्या म्हणायच्या. म्हणजे काय, तर मुलाला घेऊन दर रविवारी घराजवळची दहा दुकानं हिंडायची आणि त्याची ओळख करून द्यायची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी स्वतःची ओळख करून देताना अडखळतो. तरी पाठ केलेलं भाषण म्हणू लागलो: "हा आमचा मुलगा. फारसा बोलत नाही. हाक मारली तर बघेलच असं नाही. कधी एकटा दिसला, तर ओरडू नका, हात धरून ओढू नका. नुसते जवळ थांबा आणि या नंबरावर फोन करा." वाण्याने नंबर उधारीच्या वहीत लिहिला, मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला. इस्त्रीवाल्याने भिंतीवर लिहिला. रिक्षास्टँडवर भाषण संपल्यावर एकाने विचारलं, "पण याला आवडतं काय, काका?" हा प्रश्न तोपर्यंत मला कोणीच विचारला नव्हता. मी म्हटलं, "लोकल." त्या दिवसापासून स्टँडवर त्याचं नाव 'मोटरमन'.

आणि एके दिवशी मोटरमन बोलला. वय वर्षं सहा. सकाळी बूट माझ्या पुढ्यात ठेवून, एकही चूक न करता, लोकलमधल्या बाईच्या थाटात म्हणाला, "पुढील स्टेशन ठाणे. अगला स्टेशन ठाणे. नेक्स्ट स्टेशन ठाणे." ज्या मुलाला एक भाषा येईना, तो एकदम तीन भाषांत बोलला! वाचा शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, काही मुलं अशी ऐकलेलीच वाक्यं बोलतात, पण त्यांत त्यांचं म्हणणं असतं. ठाणे म्हणजे 'मला बाहेर न्या'. कुर्ला म्हणजे 'फार गर्दी झाली'. घरातली वीज गेली की अंधारातून आवाज येतो, "पुढील स्टेशन दिवा." हा योगायोग की विनोद, हे बाईंनाही सांगता आलेलं नाही. माझ्या मते विनोदच. बापावर गेलाय.

तो नऊ वर्षांचा असतानाची गोष्ट. संध्याकाळी गॅसचा सिलिंडर आला, दार उघडं राहिलं, आणि पाच मिनिटांनी पाहतो तर मुलगा घरात नाही. जिन्यात नाही. गच्चीवर नाही. त्या क्षणी पोटात जे होतं, त्याला विनोदी लेखकाकडे शब्द नाही. मी अनवाणी खाली धावलो. इस्त्रीवाला रस्त्यातच उभा होता. "स्टँडकडे गेलाय, साहेब! कधीपासून फोन लावतोय, तुमचा एंगेज येतोय!" एंगेज यायचाच, हिचा फोन चालू होता. वाण्याचा पोऱ्या हात करून पुढची दिशा दाखवत होता. स्टँडवरचे म्हणाले, "आमचा एक जण मागं गेलाय, काका. पळू नका, पडाल."

मुलगा स्टेशनच्या पायरीवर बसून इंडिकेटर बघत होता. त्याच्यापासून हातभर अंतरावर खाकी शर्टातला एक पोरगेला रिक्षावाला बसला होता. धंद्याच्या ऐन वेळी, भाडं सोडून, इंडिकेटर बघत. मला पाहून तो उठला आणि शाळेतल्या मुलासारखा म्हणाला, "काका, हात नाय धरला. तुम्ही सांगितलं होतं ना."

मी खिशात हात घातला. तो मागे सरला. "मोटरमनकडून भाडं घ्यायचं का?"

त्या रात्री आम्ही घोरल्याचं सोंग केलं नाही. हिने तो प्रश्न पहिल्यांदा मोठ्याने विचारला. मला उत्तर आलं नाही; अजूनही येत नाही. मी फक्त त्या संध्याकाळी रस्त्यात उभी असलेली माणसं बोटांवर मोजली. सात भरली. "सातात काय होतंय?" ही म्हणाली. खरं आहे. पण चार वर्षांपूर्वी आम्ही दोघंच होतो. दुसऱ्या रविवारी आम्ही अकरावं दुकान केलं.

तळमजल्यावरच्या आजी आता दर गुरुवारी तासभर आमच्याकडे बसतात आणि ही गाण्याच्या क्लासला जाते. आजींनी वेखंडाचा नाद सोडलेला नाही, पण हल्ली तो त्या सौम्यपणे सुचवतात. सासूबाईंना मात्र नातवाने फोनवर दादरपासून डोंबिवलीपर्यंत सगळी स्टेशनं क्रमाने, न थांबता ऐकवली. मग फोन माझ्याकडे आला.

"बघा, जावईबापू! ऐकलेलं कसं जसंच्या तसं बोलतोय! लागू पडला की नाही पोपटाचा पेरू?"

पेरू त्याने खाल्लाच नव्हता, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.