माडीचे घर आणि बहिणीचा हिस्सा

पुणे-नाशिक रस्त्याने मंचरला पोहोचलो की आंबेगाव तालुका. पुढे नारायणगावहून डावीकडे वळलो की जुन्नर. शिवनेरीच्या पायथ्याचे हे शहर जुने. १४९० मध्ये निजामशाही स्थापन करणाऱ्या मलिक अहमदचे ठाणे आधी इथेच होते.

इथल्या जुन्या वस्तीत माडीची घरे अजून पाहायला मिळतात. दगडी जोते, विटांच्या भिंती, लाकडी खांब, डोक्यावर कडीपाट. जिना घराच्या आतूनच वर चढतो. माडीवर राहणाऱ्या सुनेला भाकरी थापायला खालीच यावे लागे. चूल एक, दस्तरखान एक.

आता बांधली जाणारी दुमजली घरे वेगळी. जिना बाहेरून, वर एक बिऱ्हाड, खाली एक. सोय आहे, पडदा राहतो, गरज पडल्यास वरचा मजला भाड्यानेही देता येतो. आम्ही त्याला नावे ठेवत नाही.

मात्र अब्बांच्या पश्चात वाटणी निघते तेव्हा खालचा मजला थोरल्याचा, वरचा धाकट्याचा, असे ठरून जाते. बहिणीचे नाव कुणी काढत नाही. सूरह अन्-निसाने मुलाच्या निम्मा हिस्सा मुलीला नेमून दिला आहे. मजले दोन म्हणून वारस दोनच होत नाहीत. मजला तोडून देता येत नसेल तर तिच्या हिश्शाची रास्त किंमत ठरवावी आणि ती तिच्या हाती द्यावी. ईदला माहेरी आलेल्या बहिणीला शीरखुर्मा वाढून हक्कसोडपत्रावर सही घेणे, याला वाटणी म्हणत नाहीत.