संख्येमागचे कारण

या निवासी विद्यालयात इतिहास शिकविताना मी मुलांना एकच आग्रह धरीत आलो आहे : सनावळी पाठ करण्यापूर्वी घटनेचे कारण शोधा. भगवान बुद्धांचा प्रतीत्यसमुत्पाद हीच शिकवण देतो. हे आहे म्हणून ते आहे. स्मरणिकेसाठी लिहिताना या शिकवणीची कसोटी पाहणारा एक घरगुती अनुभव नोंदवावा, असे वाटले. कारण तो केवळ आमच्या घराचा नाही.

गणपतीपुळ्याजवळच्या वाडीवर राहणाऱ्या माझ्या थोरल्या बंधूंना यकृताचा जुनाट विकार आहे. निदान झाले तेव्हा गावात पहिली कुजबुज उठली ती दारूची. दादांनी आयुष्यात दारूला स्पर्श केलेला नाही. तपासणीत कारण निघाले हिपॅटायटिस ‘बी’ या विषाणूचे. परंतु आमच्या वस्तीतील माणसाचे यकृत बिघडले की कारण आधीच ठरलेले असते. पूर्वग्रहाला तपासणीची गरज भासत नाही.

दादांच्या अन्ननलिकेतील शिरा फुगल्या होत्या. त्या फुटू नयेत म्हणून दुर्बिणीतून रबरी कड्या बसवावयाच्या होत्या. रक्ताच्या अहवालात प्लेटलेट्स ४२,००० आल्या आणि ही प्रक्रिया दोन वेळा पुढे ढकलली गेली. निरोगी माणसात ही संख्या दर मायक्रोलिटरला सुमारे दीड ते साडेचार लाख असते. नातेवाईक पपईच्या पानांचा रस, किवी, शेळीचे दूध घेऊन आले. डेंग्यूच्या साथीतले हे उपाय. त्यांची माया खरी होती, पण दादांना डेंग्यू नव्हता.

मग प्लेटलेट्स कमी का झाल्या? पुढे ज्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी शांतपणे समजावून सांगितले. यकृत कठीण झाले की त्यातून जाणारे रक्त अडते. मागे दाब वाढतो आणि प्लीहा सुजते. निरोगी शरीरातही सुमारे एक तृतीयांश प्लेटलेट्स प्लीहेत असतात. प्लीहा फार वाढली, तर ९० टक्क्यांपर्यंत तिथेच अडकू शकतात. दुसरे कारण असे की अस्थिमज्जेला प्लेटलेट्स तयार करण्याचा आदेश देणारे थ्रोम्बोपोएटिन हे संप्रेरक मुख्यतः यकृतच निर्माण करते. यकृत थकले की आदेशही क्षीण होतो. हे संप्रेरक शास्त्रज्ञांच्या हाती लागले ते १९९४ मध्ये.

म्हणूनच बाहेरून चढविलेल्या प्लेटलेट्स फार काळ टिकत नाहीत. सुजलेली प्लीहा त्याही गिळते. शिवाय ताप, ॲलर्जी, अंगावर पाण्याचा भार हे धोके आहेतच. वारंवार चढविल्यास शरीरात प्रतिपिंडे तयार होऊन, खऱ्या गरजेच्या वेळी त्या निरुपयोगी ठरू शकतात. आणखी एक गोष्ट मला नवी होती. यकृत रक्त गोठविणारे घटक बनविते, तसे गोठणे आवरणारे घटकही बनविते. दोन्ही घटतात आणि एक नाजूक समतोल उरतो. म्हणून केवळ संख्या पाहून रक्तस्राव होईल की नाही, हे सांगता येत नाही. कड्या बसविणे, पोटातील पाणी काढणे अशा प्रक्रियांपूर्वी सरसकट प्लेटलेट्स चढवू नयेत, असे आजचे वैद्यकीय मत आहे. दादांना कड्या बसल्या त्या प्लेटलेट्सची एकही पिशवी न चढविता.

पुढे बेंबीच्या हर्नियाची शस्त्रक्रिया ठरली. हिचा धोका निराळा असल्याने डॉक्टरांनी गोळ्या निवडल्या. ॲव्हाट्रोम्बोपॅग हे औषध थ्रोम्बोपोएटिनचेच काम करते. अमेरिकेत २०१८ साली त्याला अशाच रुग्णांसाठी मान्यता मिळाली. पाच दिवस गोळ्या घ्यावयाच्या आणि शेवटच्या गोळीनंतर पाच ते आठ दिवसांत शस्त्रक्रिया उरकावयाची. अर्थात तारीख आधी ठरलेली हवी, तातडीच्या वेळी या गोळ्या कामाच्या नाहीत. यकृताच्या मुख्य शिरेत गुठळी होण्याचा धोका असल्याने आधी सोनोग्राफीने ती शीर तपासली. संख्या ५०,०००च्या वर गेली आणि शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली.

तरीही गरज पडलीच तर रक्त द्यावयास विद्यालयाचे सहा माजी विद्यार्थी रत्नागिरीत येऊन थांबले होते. त्यांना पाहून मला अमेरिकेचा इतिहास आठवला. दुसऱ्या महायुद्धात तेथील रेडक्रॉसने कृष्णवर्णीयांचे रक्त आधी नाकारले, मग वेगळे ठेवले. १९५० पर्यंत हा भेद चालला. आणि रक्तद्रव साठविण्याच्या कामात अग्रेसर असलेले डॉ. चार्ल्स ड्रू स्वतः कृष्णवर्णीय होते! रक्ताच्या पिशवीवर गट लिहिलेला असतो, जात नसते.

मनाला सर्वांत लागलेली गोष्ट मात्र रुग्णालयाबाहेरची. कोणाच्या तरी सांगण्यावरून दादांनी घरात स्वतःचा पेला वेगळा ठेवला होता. ज्यांच्या पूर्वजांना पाणवठा बंद होता, ज्यांच्यासाठी बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्यांच्या घरात पुन्हा वेगळा पेला! हा विषाणू रक्तातून, असुरक्षित सुईतून, शरीरसंबंधातून, बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. एका ताटात जेवल्याने किंवा एका पेल्यातून पाणी प्यायल्याने जात नाही. डॉक्टरांनी हे सर्वांसमोर सांगितले, तेव्हा वहिनींनी तो पेला उचलून इतर पेल्यांत मिसळला. आजारी भिक्षूला भगवंतांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी स्नान घातले होते. सेवेचा हा वारसा आपला आहे.

माजी विद्यार्थ्यांनो, पालकहो, हिपॅटायटिस ‘बी’ची लस देशभरच्या बाल लसीकरणात २०११च्या सुमारास आली. त्यापूर्वी जन्मलेल्यांपैकी अनेकांना ती मिळालेली नाही. एकदा रक्त तपासून घ्या. दोष नसेल तर लस घ्या. दोष आढळला तर लपवू नका. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत आहेत. नवजात बाळाला पहिली मात्रा २४ तासांच्या आत मिळेल, हे पाहा. आणि १४ एप्रिलला मिरवणुकीइतकीच गर्दी रक्तदान शिबिरातही होऊ द्या.

अहवालातील आकडा भीती दाखवितो, त्यामागचे कारण मार्ग दाखविते. ते विचारण्याचे धैर्य आपल्या मुलांच्या अंगी येवो.

नमो बुद्धाय! जय भीम!